उतारावर न थांबलेल्या ट्रॅक्टरविषयी

तामलवाडी,
१४ सप्टेंबर १९८६

चिरंजीव बलभीम यास नानामामाचे अनेक आशीर्वाद.

तुझी आई, म्हणजे आमची केशर, खुशाल असेल असे गृहीत धरून थेट कामाच्या गोष्टीकडे वळतो.

गावातील सर्व आड आटले आहेत. पाणी उरले आहे ते फक्त टेकावरच्या विहिरीला. सोसायटीने ट्रॉलीवर लोखंडी टाकी बसवून घेतली आहे आणि ती ओढण्याचे काम माझ्या जुन्या ट्रॅक्टरकडे आले आहे. चालविणारा कोंडिबा. रिकामी टाकी वर जाते तेव्हा चिंता नसते; भरलेली टाकी घेऊन उतार उतरावयाचा असतो तेव्हा मात्र त्या माणसाचा चेहरा मला पाहवत नाही. ट्रॅक्टरचे ब्रेक नावापुरते उरले आहेत. परवा तर मागून एकाने धावत येऊन चाकाखाली धोंडा सरकविला तेव्हा गाडी थांबली.

मी तुळजापूरच्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने ट्रॅक्टर पंधरा दिवस ठेवून घेण्याची अट घातली. गावाने पंधरा दिवस काय प्यावे, असे विचारले असता तो हसला. त्याहून भयंकर म्हणजे, तो माझ्या डोळ्यांदेखत ब्रेकच्या एका शूवर, म्हणजे ड्रमला आतून दाबणाऱ्या लोखंडी कमानीवर, नवीन पट्टी लोखंडी खिळ्यांनी ठोकीत होता! तांब्याच्या रिव्हेटऐवजी लोखंडी खिळे! पट्टी झिजली की तोच खिळा ड्रमला चरे पाडणार, हे मी त्यास सांगितले. तो म्हणाला, "गुरुजी, शाळा सुटली की आता." मी तत्काळ तेथून निघालो.

तेव्हा हे काम मी घरीच करणार आहे. ट्रॅक्टरसोबत आलेले पुस्तक मजजवळ आहे आणि त्यातील ब्रेकचे प्रकरण मी तीन वेळा वाचले आहे. सोसायटीचे चेअरमन गुरुसिद्धप्पा यांनी चावडीसमोर टोमणा मारला, "गुरुजी, ब्रेक म्हंजे काय व्याकरण हाय व्हय, घरी बसून शिकवायला?" उत्तर मी उतारावर देणार आहे.

तुझ्या दुकानातून चार शूंना पुरतील अशा पट्ट्या व तांब्याचे रिव्हेट पाठवावेत. माल अस्सल असावा.

तुझा मामा,
नानासाहेब


परंडा,
२३ सप्टेंबर १९८६

तीर्थरूप मामांना बलभीमचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र वाचून आई इतकी हसली की ठसका लागला. म्हणते, "दादानं आता पान्हा बी हातात घेतला का? त्या ट्रॅक्टरचं आता खरं न्हाई."

पट्ट्या आणि रिव्हेट मी आज तुळजापूरच्या गाडीच्या कंडक्टरजवळ दिलो आहे. स्टँडवर कोंडिबाला पाठवा. रिव्हेट मधून सुरू करून दोन्ही कडांकडं जा, म्हणजे पट्टी शूला चिकटून बसते. रिव्हेटचं डोकं पट्टीच्या आत खोल गेलं पाहिजे. कडा घासून थोड्या उतरत्या करा. ड्रम पेट्रोलनं पुसा. आणि एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: पट्टीला तेलाचा, ग्रीसचा हात लागू देऊ नका. तेल प्यायलेली पट्टी पुन्हा कामाची न्हाई.

मामा, एक आनंदाची बातमी. कारखान्यानं उसाच्या ट्रॅक्टरांचे ब्रेक करायला मला बोलावलंय. आधी आठ ट्रॅक्टर, पारखून बघायला. ते नीट झाले तर सगळा ताफा माझ्याकडं. दुकान टाकल्यापासून सायकलीचे पंक्चर काढत बसलोय. हे काम मिळालं तर मिस्त्री म्हणून नाव होईल. दिवाळीनंतर गाळपाची मोळी पडणार, त्याच्या आत काम उरकायचं आहे. तुमच्या आशीर्वादाची गरज आहे.

मामींना नमस्कार.

तुमचा,
बलभीम


तामलवाडी,
१७ ऑक्टोबर १९८६

बलभीम,

आशीर्वाद लिहिण्याच्या मनःस्थितीत मी नाही. "दिलो" नव्हे, "दिले". परंतु आज तुझ्या भाषेविषयी बोलण्याइतकी सवड नाही.

काल दुपारी ट्रॅक्टर भरलेली टाकी घेऊन टेकावरून उतरत होता. मी खाली वळणावर उभा होतो. मुद्दाम उभा होतो, कारण गुरुसिद्धप्पा यांनाही मी तेथे बोलावून घेतले होते. निम्म्या उतारावर कोंडिबाने दोन्ही पेडले दाबली. पेडले दाबली गेली. चाकांनी मात्र ऐकले नाही. तो ओरडला, "गुरुजी, सरका!" आणि त्याने ट्रॅक्टर सोसायटीच्या कडब्याच्या गंजीत घातला. तेवढ्यामुळे माणसे वाचली. ट्रॉली कलंडली, टाकीचे झाकण निघाले आणि सारे पाणी रस्त्यावर वाहून गेले.

बलभीम, बायका घागरी घेऊन धावल्या. पाणी मातीत जिरत होते. एका म्हातारीने आपला पदर त्या ओल्या मातीवर दाबला आणि घागरीत पिळला. हे मी उभा राहून पाहिले. कोंडिबाचा खांदा निखळला. हाडवैद्याने तो बसविला, तेव्हाच्या त्याच्या किंकाळ्या साऱ्या गल्लीने ऐकल्या. गुरुसिद्धप्पा एवढेच म्हणाले, "गुरुजी, लई शिकवलं तुमी आमाला." टाकी ओढण्याचे काम त्यांनी माझ्या ट्रॅक्टरकडून काढून घेतले आहे. आता बैलगाडीवर पिंप ठेवून पाणी आणतात, आणि ते निम्म्या गावालाही पुरत नाही.

मी काम पुस्तकातील प्रत्येक वाक्याबरहुकूम केले होते. चूक माझी असणे शक्य नाही. म्हणजे माल खोटा होता. सख्ख्या मामाला तू बनावट पट्ट्या पाठविल्यास!

माझे नुकसान मी सोसले असते. परंतु उद्या याच पट्ट्या उसाच्या ट्रॉल्यांना बसणार आणि त्या ट्रॉल्या हमरस्त्याने धावणार. म्हणून मी आजच कारखान्याच्या मॅनेजरांना पत्र लिहून सर्व हकिकत कळविली आहे. तू भाचा आहेस म्हणून गप्प बसणे मला पटले नाही.

नानासाहेब


परंडा,
२२ ऑक्टोबर १९८६

ती. मामांना नमस्कार.

हा नमस्कार आईनं समोर उभं राहून लिहायला लावला म्हणून लिहिला.

तुमचं पत्र कारखान्यात पोचलं. काल सकाळी आठपैकी तीन ट्रॅक्टरांचे शू खोलून ठेवले होते, तेवढ्यात शिपाई आला, "बलभीम, हत्यारं खाली ठेव." मॅनेजर साहेबांनी तुमचं पत्र माझ्यासमोर मोठ्यानं वाचलं. साहेब म्हणाले, "हे तुझे मामा आहेत का?" काय सांगू? व्हय म्हटलं. म्हणाले, "सख्खा मामा असं लिहितो म्हणजे बघायला पाहिजे." काम बंद. मोळी पडायला थोडे दिवस उरलेत. दहा तारखेपर्यंत उलगडा झाला न्हाई तर सोलापूरचा मिस्त्री येणार आहे. मग मी पुन्हा पंक्चर काढायला मोकळा.

मामा, तुम्ही मला एकदा विचारायचं तरी! चोराला सुद्धा विचारतात. तुम्हाला पाठवल्या त्याच खोक्यातल्या पट्ट्या मी परंड्यातल्या चार ट्रॅक्टरांना बसवल्यात. ते चारही थांबतात, जिथं थांबवाल तिथं. मग तुमचाच का थांबत न्हाई?

मला सांगा. दोन पेडलं जोडायची कडी कोंडिबानं घातली होती का? शेतात वळायला ती काढून ठेवतात आणि रस्त्यावर घालायची विसरतात. मला तर त्याचाच संशय आहे. धुऱ्याचं सील गळून तेल ड्रममध्ये उतरतंय का? पट्टी रिव्हेट केल्यापासून ड्रममध्ये जाईपर्यंत कुठं होती? सगळं कळवा. तुम्ही एक अक्षर गाळत न्हाई असं तुम्हीच सांगता. गाळू नका.

बलभीम


तामलवाडी,
२६ ऑक्टोबर १९८६

चि. बलभीम यास,

तुझ्या पत्रातील उद्धटपणाची मी नोंद घेतली आहे. तरीही विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे देणे माझे कर्तव्य आहे.

कोंडिबाने कडी घातली होती. निघण्यापूर्वी ती मी स्वतः हाताने ओढून पाहिली होती. गळ्यात झोळी बांधून बसलेल्या त्या माणसावर संशय घेण्यापूर्वी तू दहा वेळा विचार करावयास हवा होतास. धुऱ्याचे सील याच उन्हाळ्यात नवीन घातले आहे आणि ते कोरडे ठणठणीत आहे.

आता पट्ट्यांविषयी. जुन्या पट्ट्या छिन्नीने काढल्या. शू पेट्रोलने धुऊन उन्हात वाळविले. रिव्हेट मधून सुरू करून कडांकडे ठोकले. ठोकताना प्रत्येक वेळी राखेने हात धुतले, तुझी मामी वैतागून म्हणाली, "एवढी राख तर भांड्याला लागत न्हाय." अष्टमीच्या सायंकाळी चारही शू तयार झाले. दुसरे दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी आपल्याकडे हत्याराला हात लावीत नाहीत, हे तुला सांगावयास नको. म्हणून पान्हे, हातोडी, छिन्नी, नांगराचा फाळ, कोयते, सर्व देवघरात पाटावर मांडले. शूही तेथेच ठेवले. "ह्येबी मांडायचे का?" असे मामीने विचारले असता, घरात आलेल्या नव्या वस्तूची पूजा आधी होते, काहीही वगळू नकोस, असे मी तिला स्पष्ट सांगितले. माझा गुडघा पाटावर बसू देत नाही, म्हणून पूजा तिनेच यथाविधी केली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिने सर्व वस्तू फडक्याने स्वच्छ पुसून माझ्या हाती दिल्या आणि मी ते शू तसेच ड्रममध्ये बसविले.

बसविताना पट्ट्यांवर एक ओशट चकाकी मला दिसली होती. नव्या मालाची ती चकाकी असावी असे मी तेव्हा मानले. आता वाटते, तीच तुझ्या मालाच्या हलकेपणाची खूण होती. रिकामी ट्रॉली जोडून सपाटीवर पाहिले तेव्हा ब्रेक लागले होते. वजन येताच पट्टीने आपले खरे रूप दाखविले.

यात एक अक्षरही गाळलेले नाही. आता तू उत्तर दे.

नानासाहेब


परंडा,
३० ऑक्टोबर १९८६

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला होता. दुसऱ्यांदा वाचलं आणि राग गेला.

मी काही लिहीत न्हाई. एवढंच करा. दिवाळी होऊ द्या. मग एक दिवस कुणी नसताना, कोंडिबालाही न बोलावता, डाव्या चाकाचा ड्रम तुम्ही एकट्यानं उघडा. पट्टी नाकाजवळ धरा. काय दिसलं ते बघा आणि ड्रम परत लावून टाका. मला कळवायची गरज न्हाई. साहेबांना दोन ओळी लिहा, की घरगुती कारणानं ब्रेक बिघडला, पट्टीचा दोष न्हाई. कारण काय ते विचारलं तरी सांगू नका.

आणि मामींना काही बोलू नका. हे मी पाया पडून सांगतो.

तुमचा,
बलभीम


तामलवाडी,
६ नोव्हेंबर १९८६

चि. बलभीम यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून मी संतापलो होतो, हे प्रथम नमूद करतो. "कुणी नसताना उघडा", "कारण सांगू नका", असे निर्दोष माणूस लिहीत नाही, असा माझा समज झाला. मामीला बोलू नका, हे तर मला तिच्या मायेआड लपणे वाटले. म्हणून तू सांगितलेस त्याच्या नेमके उलट मी केले. भाऊबीज होताच गुरुसिद्धप्पा, सोसायटीचे दोन पंच आणि झोळीतला कोंडिबा यांना अंगणात खुर्च्या टाकून बसविले आणि सर्वांदेखत ड्रम उघडला.

वास प्रथम आला. करडीच्या तेलाचा, तापून जळालेल्या तेलाचा वास. गुरुसिद्धप्पा म्हणाले, "गुरुजी, ब्रेक उघडलाव का भज्याचं तळण काढलाव?" पंच हसले. मी पट्टी उजेडात धरली. पट्टी काळी आणि तुकतुकीत झाली होती. रिव्हेट जेथे आत बसविले होते, त्या प्रत्येक खळग्यात हळदकुंकू घट्ट बसले होते. वरचे पुसले गेले होते. खळग्यांपर्यंत फडके पोहोचले नव्हते.

कोंडिबा म्हणाला, "आयला, ह्ये तर देवाचं हाय." हसणे थांबले आणि सर्वजण माझ्या तोंडाकडे पाहू लागले. तुझी मामी पाण्याला गेली होती; गुरुसिद्धप्पा यांनी स्वयंपाकघराच्या रिकाम्या दाराकडे एकदा पाहिले. त्यांच्या मनात काय आले, ते मला कळले. हा गावभर चघळण्याचा विषय होणार, हेही कळले. मी म्हणालो, "खंडेनवमीची पूजा घरच्या कर्त्या पुरुषाने करावयाची असते. ती मी केली. तेल मी लावले. दोष माझा आहे."

माझ्या २६ ऑक्टोबरच्या पत्रात पूजा तुझ्या मामीने केली असे लिहिले गेले आहे. ती लेखनाची चूक समजावी. गुडघ्याविषयीचे वाक्यही खोडावे.

कारखान्याच्या मॅनेजरांना मी आजच लिहिले आहे: "बलभीम यांनी पुरविलेल्या पट्ट्या निर्दोष होत्या. त्यांना मी माझ्या हाताने तेल लावले. मी त्यांच्यावर केलेला आरोप असत्य असून, त्याबद्दल मी त्यांची व आपली क्षमा मागतो. त्यांचे काम विनाविलंब पूर्ववत सुरू करावे." दहा तारखेच्या आत पोहोचावे म्हणून ते रजिस्टर केले आहे.

तू सर्व ओळखले होतेस आणि तुझे काम जात असताना गप्प राहिलास. याबद्दलही मी तुझ्यावर रागावलो आहे. अशा वेळी मामाला स्पष्ट शब्दांत मूर्ख म्हणावे. एकट्याने ड्रम उघडा असा गुळमुळीत सल्ला देऊ नये!

तुझा मामा,
नानासाहेब


तामलवाडी,
८ नोव्हेंबर

बलभीमा, तुला मामीचा आशीर्वाद.

म्या चौथी शिकलीय, तवा हसू नगंस. हे सोलापूरला गेल्यात म्हणून लिहाया बसले.

काल पान्याला गेले तर बाया हसत्यात. म्हनं, "मुक्ताबाई, गुरुजींनी बिरेकला फोडनी दिली व्हय?" मला काय कळंना. कोंडिबाला गाठलं, त्यो सांगंना. शपथ घातली तवा समदं सांगितलं.

रातच्याला ताट वाढलं आन इचारलं, पट्ट्यास्नी तेल कुनी लावलं? हे म्हनले, "मी." म्या म्हनलं, "तुमचा गुडघा दुमडतो का पाटावर?" तर म्हनले, "जेव." बलभीमा, मला लई राग आलाय. चाळीस वर्सं ह्या मानसानं माजी एक चूक सोडली न्हाय. भाकर वाकडी झाली तरी बोलले, सांजवात लावाया उशीर झाला तरी बोलले. आन आता येवढी मोठी चूक झाली, मानूस मरता मरता वाचला, तर मला बोलाया बी तयार न्हायत! मला काय येडी समजत्यात का?

तेल म्या लावलं. समद्या हत्यारास्नी लावलं. त्या पट्ट्या बघितल्या तर कोरड्या खरखरीत, जनू कुनी कधी हात फिरवला न्हाय. वर्साचा सन, कुनाला कोरडं ठिवावं? दोन पळ्या तेल घिऊन चांगलं जिरंस्तवर चोळलं. ह्या दुस्काळात म्या डोक्याला बी येवढं तेल लावलं न्हाय. आन मला कुनी सांगितलं का, की हिला तेल चालत न्हाय म्हनून? ह्यांनी पुस्तक तीनदा वाचलं. मला येकदा तरी वाचून दावायचं!

म्या आज पान्याच्या पिंपापाशी समद्यांम्होरं सांगितलं, तेल माजं हाय. गुरुसिद्धप्पा खाली बघाया लागले. तुज्या सायबाला बी येक कारड टाकलंय. पत्ता कोंडिबानं घातला. तुजं काम माज्यापायी जाया नगं.

ह्यांना सांगू नगंस.

मामी


परंडा,
१६ नोव्हेंबर १९८६

ती. मामांना व सौ. मामींना साष्टांग नमस्कार.

दोघांना एकाच पत्रात लिहितो, कारण आता लपवण्यासारखं काही उरलं न्हाई.

दहा तारखेला साहेबांनी बोलावलं. मी हत्यारांची पेटी घेऊनच गेलो होतो, परत आणायला म्हणून. टेबलावर मामांचं रजिस्टर आणि त्याच्या शेजारी मामींचं कार्ड. साहेब म्हणाले, "बलभीम, मला नोकरीत वीस वर्षं झाली. ब्रेक फेल झाला की सगळे एकमेकांकडं बोट दाखवतात. इथं एका ब्रेकला दोन आरोपी, आणि दोघंही मीच मीच म्हणून भांडतायत. यातलं खरं कुणाचं?"

मामांना खोटं म्हणायचं तोंड न्हाई आणि मामींना खोटं म्हणायची छाती न्हाई.

साहेब म्हणाले, "बरं, दोघांपैकी कुणीही असो, तुझं न्हाई एवढं कळलं. जा, काम उरक." त्याच दिवशी शू हातात घेतले. काल आठवा ट्रॅक्टर भरलेल्या ट्रॉलीसकट उतारावर उभा करून दाखवला. ताफा माझ्याकडं आला, मामा. आईनं देवापुढं साखर ठेवली.

फक्त साहेब दोन्ही पत्रं फायलीला लावायची म्हणतात आणि खरं पत्र कुठलं ते लेखी मागतात. मी काय कळवू?

तुमच्या ट्रॅक्टरचे शू कोंडिबाबरोबर पाठवून द्या. पट्ट्या मी बसवतो.

तुमचा,
बलभीम


तामलवाडी,
२१ नोव्हेंबर १९८६

चि. बलभीम यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे काम तुला मिळाले, हे वाचून समाधान वाटले. तेवढे सोडले तर तुझे पत्र वाचून मला संतापच आला. ते कार्ड गेल्याचे मला तुझ्या पत्रातून कळावे! पिंपापाशी झालेले भाषण मला खुद्द गुरुसिद्धप्पांच्या तोंडून ऐकावे लागले. ते अंगणात येऊन बसले आणि म्हणाले, "गुरुजी, खोटं बोलायची तुमाला सवय न्हाय. दोन दिवस बी टिकलं न्हाय बघा." वर चहा घेऊन गेले. जाताना, ब्रेक दुरुस्त झाले की टाकी पुन्हा तुमच्याच ट्रॅक्टरला जोडू, असे म्हणाले, म्हणून त्यांना क्षमा केली.

मी एकाहत्तर वर्षे जगलो. तीस वर्षे मुलांना सत्य बोलण्याविषयी निबंध लिहावयास लावले. त्या साऱ्या आयुष्यात जाणूनबुजून एक असत्य बोललो, पुरेसा विचार करून बोललो, आणि या बाईने तेही टिकू दिले नाही! विचारले, तर म्हणते, "माजं होतं, तुमी का घेतलं?" आता घरात दोन दिवस बोलणे बंद आहे. ताट वेळेवर येते. भाकरी वाकडी होती. मी काही बोललो नाही.

शू कोंडिबाबरोबर पाठवीत आहे. गुंडाळण्यापूर्वी ते मी स्वतः पेट्रोलने पुसले आहेत आणि पोत्यावर मोठ्या अक्षरांत "तेल लावू नये" असे लिहिले आहे. ते अक्षर तुझ्या मामीचे आहे. तिनेच लिहिण्याचा हट्ट धरला.

मॅनेजरांना कळविण्याचा मजकूर असा: मुक्ताबाईंचे कार्ड खरे आहे. नानासाहेबांचे पत्र खोटे आहे. दोन्ही फायलीत ठेवण्यास आमची हरकत नाही. मात्र माझे पत्र वर ठेवावे.

तुझा मामा,
नानासाहेब